चष्म्याचा स्क्रू आणि सफरचंदाचा केक

टेलरबाईंना खोटंच बोलायचं होतं, तर निदान झेपेल एवढं तरी बोलायचं होतं. पण नाही! बुधवारी समोरच्या चष्म्याच्या दुकानात उभं राहून बाई ठणकावून म्हणाल्या, "सफरचंदाचा केक ना? डोळे मिटून करते मी. रविवारी चार वाजता या घरी." मग रस्ता ओलांडून परत आल्या, शिलाई मशीनसमोर बसल्या, आणि सुईत दोरा नसतानाच मशीन चालवत सुटल्या. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात केक त्यांनी फक्त दुकानातून आणला होता, तोही खोक्यात बांधलेला.

आता असं बोलून का बसल्या, ते ऐका. चष्मेवाले साठी उलटलेले गृहस्थ. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा दूर मोठ्या शहरात नोकरीला. त्या दिवशी बाईंच्या चष्म्याची सैल झालेली काडी नीट करता करता ते सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "मुलगा बोलावतोय. दुकान देऊन टाका कुणाला तरी, इकडे येऊन राहा म्हणतो. रविवारी संध्याकाळी सातला फोन करणार आहे. हो की नाही, काय ते सांगायचं." आणि जरा थांबून म्हणाले, "ही सफरचंदाचा केक करायची. दालचिनी घालून. सहा वर्षांत घरचा केक खाल्ला नाही बघा."

बाईंच्या काळजात धस्स झालं. आणि तोंडातून केक बाहेर पडला.

कारण बाईंना चष्मेवाले आवडत होते. घ्या, सांगून टाकलं. आणि थोडेथोडके दिवस नाही, चांगली तीन वर्षं आवडत होते. दर महिन्याला बाईंच्या चष्म्याची काडी सैल व्हायची, आणि लोकांना वाटायचं, बिचाऱ्या दिवसभर मान घालून शिवतात, होत असेल. कसलं होतंय! ती आपोआप सैल होत नव्हती. काजं कापायच्या बारीक कात्रीचं टोक स्क्रूच्या खाचेत घालून बाई स्वतः ती सैल करायच्या. मग केसांवरून हात फिरवून रस्ता ओलांडायचा. चष्मेवाले चष्मा घेणार, बारीक स्क्रूड्रायव्हरनं स्क्रू आवळणार, पिवळ्या फडक्यानं काचा पुसणार आणि म्हणणार, "घालून बघा. आता कसं वाटतंय?" सात मिनिटांचं काम. त्या सात मिनिटांवर बाईंचा महिना निघायचा.

हे गुपित कुणालाच माहीत नव्हतं. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या धाकट्या बहिणीलासुद्धा नाही, आणि तिला तर अख्ख्या गल्लीत कुणाच्या घरात किती वाजता कुकरची शिट्टी झाली तेही माहीत असायचं. एक अडचण मात्र तीन वर्षांत सुटली नव्हती. चष्मेवाल्यांना हाक काय मारायची? 'साहेब' म्हटलं की ते लांबचे वाटायचे, 'भाऊ' म्हणणं बाईंच्या जिभेला मंजूर नव्हतं, आणि 'अहो' म्हणायची छाती नव्हती. म्हणून त्या आपल्या 'हे बघा' असं म्हणून काम भागवायच्या.

रविवारी सकाळी धाकटी आपला ओव्हन दोन्ही हातांनी पोटाशी धरून धापा टाकत वर आली.

"ताई, खरं सांग. तुला येतो केक?"

"कृती आहे माझ्याकडे."

होती खरी. शिवणकामाच्या एका जुन्या मासिकात फ्रॉकच्या बाहीचा छापील कागद होता, आणि त्याच कागदाच्या पाठीमागे सफरचंदाचा केक होता. घोटाळा एवढाच, की बाईंनी ती बाही कधीच कापून वापरली होती. त्यामुळे बगलेच्या गोलाईबरोबर कृतीचा एक कोपराही गेला होता. मैदा होता, साखर, लोणी, अंडी, सफरचंदं सगळी होती. पुढे 'दालचिनी दोन' एवढं लिहून कागद संपत होता. केक किती वेळ भाजायचा, ते तर कुठल्या तरी मुलीच्या खांद्याबरोबर कायमचं गेलं होतं.

"दालचिनी दोन काय?" धाकटीनं विचारलं.

"चमचे असणार."

"दोन चिमट्या असतील गं! ताई, दोन चमचे म्हणजे घशाला आग लागेल."

"दोन चमचेच," बाई म्हणाल्या, आणि सवयीप्रमाणे वर जरासं जास्तच घातलं. बाईंचं कापड असो की जेवण, कमी पडायला नको म्हणून दोन बोटं जास्तीची सोडलेली असायचीच. धाकटीनं कपाळावर हात मारला.

पण बाईंना त्या दिवशी कुणाचं ऐकायचंच नव्हतं. सकाळपासून त्यांच्या अंगात काहीतरी संचारलं होतं. सफरचंदं सोलताना साल एकदाही न तुटता लांबच लांब निघाली, तर त्यांनी ती गळ्यात मोजपट्टीसारखी टाकून आरशात पाहिलं. लोणी-साखर फेटताना गाणं म्हणायला लागल्या, तेही चुकीचं. धाकटीला हसू आवरेना. "अगं, बघायला येणारे पाहुणे असल्यासारखं काय करतेयस?" ती म्हणाली, आणि बाईंचे कान लाल झाले. मग धाकटीचं हसू एकदम थांबलं. तिनं ताईकडे नीट पाहिलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "असं आहे होय!"

"काही नाहीये. तू खाली जा बघू."

"जाते, जाते. पण मला केक ठेव हां," असं म्हणत धाकटी जिना उतरली, आणि तिचं खुदुखुदु हसणं पार खालच्या दारापर्यंत ऐकू येत राहिलं.

आता मुख्य गोष्ट. सकाळी उठल्या उठल्या बाईंनी चष्म्याचा स्क्रू सैल करून ठेवला होता. म्हणजे बोलायला काही सुचलं नाही, तर निदान चष्मा तरी पुढे करता येईल, एवढाच बेत. पण आनंदाच्या भरात कात्रीचं टोक एक फेरा फिरवायच्या जागी तीन फेरे फिरलं. आणि सव्वादोन वाजता बाई पातेल्यात वाकून मिश्रणात सफरचंदाच्या फोडी ढवळत होत्या, तेव्हा चष्म्याची उजवी काडी सुटली आणि डुबकन पातेल्यात पडली.

"अगं आई गं!" बाई म्हणाल्या, आणि एकट्याच खो खो हसल्या. काडी बाहेर काढली, धुतली, ओट्यावर ठेवली. एका काडीचा चष्मा नाकावर कसाबसा तोलून मिश्रण डब्यात ओतलं, डबा ओव्हनमध्ये सरकवला. मग काडी परत बसवायला घेतली. बसवायची कशानं? स्क्रू कुठे होता?

ओट्यावर नव्हता, जमिनीवर नव्हता. कपड्यांतून सांडलेल्या टाचण्या उचलायचा लोहचुंबक घेऊन बाईंनी गुडघ्यांवर बसून स्वयंपाकघर पालथं घातलं. चार टाचण्या आणि एक हूक निघाला. मग त्या हळूच ओव्हनकडे वळल्या. आत केक फुगायला लागला होता आणि दालचिनीचा वास असा काही सुटला होता, की जिन्यातून कुणीतरी "वा!" म्हणून गेलं.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. घरात सफरचंद उरलं नव्हतं, तीन वाजायला आले होते, आणि ज्यांना जाऊ नका म्हणून सांगायचं होतं, त्यांना आपण लोखंड भरलेला केक खाऊ घालणार होतो! एखादा दात पडला तर? गिळला गेला तर? चष्मेवाले मुलाकडे जातील, आणि तेही दवाखान्यातून.

ठोक्याला चार वाजता चष्मेवाले आले. इस्त्रीचा शर्ट, हातात मोसंब्यांची पिशवी. बाईंनी दार उघडलं आणि त्यांना "या" म्हणायच्या आधीच बोलून टाकलं, "हे बघा, केकमध्ये स्क्रू आहे."

चष्मेवाल्यांनी आधी त्यांच्या एका काडीच्या चष्म्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या केककडे. माथ्यावर भेग पडलेला, कडेनं जरा काळवंडलेला, पण चांगला टपोरा केक होता. ते अगदी गंभीर झाले.

"मग शोधलाच पाहिजे," ते म्हणाले. "तसला स्क्रू आता मिळत नाही. थांबा, आलो." आणि रस्ता ओलांडून गेले, ते डोळ्याला लावायचं भिंग, चिमटा आणि स्क्रूड्रायव्हर घेऊनच परतले.

बाईंनी कापड बेतायचं टेबल पुसलं, मोजपट्टी लावली आणि केकचे बारा सारखे तुकडे केले. एकेक तुकडा चष्मेवाले बशीत घेणार, डोळ्याला भिंग लावून चिमट्यानं कुस्करून बघणार, आणि तपासून झालेला अर्धा बाईंना, अर्धा स्वतःला. "तपासलेलं अन्न टाकून कसं द्यायचं?" असं त्यांचं म्हणणं पडलं.

पहिल्या तुकड्याचा घास तोंडात घातला आणि चष्मेवाले थबकले. डोळे मोठे झाले, हात तोंडाशी गेला, ठसका लागला, त्यांनी रुमाल काढला.

"काय झालं?" बाई उभ्याच राहिल्या. "दाताखाली आला का?"

"दालचिनी," चष्मेवाले डोळे पुसत म्हणाले.

"जास्त झाली ना? धाकटी सांगत होती मला."

"छे, छे. ही फार हात आखडून घालायची. तिच्या तोंडावर कधी बोललो नाही."

आणि शोध सुरू झाला. काय सांगू तुम्हाला, असा शोध कुणी घेतला नसेल! एकेका तुकड्याला पाव पाव तास. सफरचंदाची फोड उलटून बघ, परत सुलटून बघ. मध्येच चहा. चष्मेवाल्यांनी मुलगा लहानपणी दुकानात ठेवलेल्या काचेच्या डोळ्यांना कसा घाबरायचा ते सांगितलं. बाईंनी एका जाड्या वकिलाचा कोट चुकून उलटा शिवला होता, ते सांगितलं. भिंग लावलेल्या एका डोळ्यानं चष्मेवाले इतके विनोदी दिसत होते, आणि एका काडीचा चष्मा सावरताना बाई मान इतकी वाकडी करत होत्या, की दोघं एकमेकांकडे बघून हसत सुटायचे आणि भुगा टेबलभर उडायचा. दोनदा धाकटी काहीतरी निमित्त काढून दारात येऊन गेली. एकदा साखर मागायला, एकदा साखर परत द्यायला.

पण घड्याळ काही थांबत नव्हतं. सातला दहा मिनिटं कमी असताना दोनच तुकडे उरले, आणि बाईंचं हसू गेलं. चष्मेवाले अकरावा तुकडा ओढायला लागले, तशी बाईंनी बशीवर हात ठेवला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "माझीच चूक आहे. स्क्रू मीच सैल केला होता. आजच नाही. दर महिन्याला करते. तीन वर्षं करतेय. कात्रीच्या टोकानं. तुमच्याकडे यायला दुसरं काही कारण नव्हतं माझ्याकडे." आणि मग छाती होती नव्हती ती सगळी एकवटून म्हणाल्या, "अहो, जाऊ नका ना."

चष्मेवाल्यांनी डोळ्याचं भिंग काढलं. ते काही बोलणार, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मुलगा बापाच्याही वरताण, सांगितलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधीच.

"हं, बोल," चष्मेवाले म्हणाले. "जेवतो रे वेळेवर. आत्ताच अख्खा केक खाल्ला. नाही, विकतचा नाही. हे बघ, मी येत नाही. दुकान द्यायचं नाही. तब्येत उत्तम आहे! अरे, इथे एक गिऱ्हाईक आहे. त्यांच्या चष्म्याचं काम तीन वर्षं चाललंय, अजून पुरं झालेलं नाही. ते टाकून कसा येऊ? तूच ये सुट्टीत." आणि फोन खिशात टाकला.

बाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या, दोन्ही एकदम. चष्मेवाल्यांनी खिशातून रुमाल काढला. बाईंना वाटलं, आपल्यालाच देतायत. त्यांनी तो टेबलावर उलगडला. मधोमध एवढासा, तिळाएवढा स्क्रू होता.

"पहिल्याच घासाला दाताखाली आला," ते म्हणाले. त्यांचेही कान आता लाल झाले होते.

"म्हणजे सव्वाचारपासून आपण..."

"हो. लगेच सांगितलं असतं तर सात मिनिटांत काम संपलं असतं."

त्यांनी चष्मा घेतला, काडी लावली, स्क्रू बसवला आणि फिरवायला लागले. एका ठिकाणी हात थांबला.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"दर वेळी इथेच थांबायचो," चष्मेवाले मान वर न करता म्हणाले. "अजून अर्धा फेरा असतो. तो दिला की वर्षभर हलत नाही काडी. मी कधी दिलाच नाही."

आणि त्यांनी तो अर्धा फेरा दिला. पिवळ्या फडक्यानं काचा पुसल्या, आणि चष्मा स्वतःच्या हातांनी बाईंच्या नाकावर ठेवला.

"आता कसं वाटतंय?"

बाईंनी काडीला हळूच बोट लावून पाहिलं, ती हलली नाही. तेवढ्यात जिन्यातून धाकटीचा आवाज आला, "ताई, झालं का तुमचं? माझा केक पाठव ना!"

बाईंनी बशीतल्या उरलेल्या दोन तुकड्यांकडे पाहिलं. एक चष्मेवाल्यांपुढे सरकवला, एक आपल्यापुढे ओढला, आणि दाराकडे तोंड करून मोठ्यानं ओरडल्या, "थांब गं, अजून स्क्रू शोधतोय आम्ही!"