वाळूची दोन पोती

बंगळूरच्या बसवनगुडीतल्या त्या कानडी मेकॅनिकला आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. बोलणं कमी, मराठी आमच्याच घरांत ऐकून शिकलेली, पण दर दोन वाक्यांआड ‘स्वल्प थांबा’. रेसची गाडी लावायची, म्हणजे तिचा तोल जुळवायची, त्यांची एक रीत होती. चालवणाऱ्याला ते आधी शेजारच्या वखारीत लाकडं तोलायच्या काट्यावर उभं करायचे, तेवढ्याच वजनाचं वाळूचं पोतं भरायचे आणि ते सीटवर ठेवून मगच स्प्रिंगा कमीजास्त करायचे. शेवटी बॉनेटवर पाणसळ आडवी ठेवायची. बुडबुडा मधोमध आला की म्हणायचे, “सरी,” म्हणजे बरोबर.

माझी गाडी सेकंडहँड होती. तिचा आधीचा मालक रेसमध्ये याच गाडीत अपघातात गेला होता. त्याच्यासाठीही ती अण्णाच लावायचे. मी गाडी नेली तेव्हा त्यांनी माझं पोतं माझ्या सीटवर ठेवलं आणि कोपऱ्यातलं एक जुनं पोतं उचलून शेजारच्या सीटवर.

“हे कशाला?” मी विचारलं.

“त्यांचं आहे. ते कुठं उतरलेत?”

मी हसलो. अण्णा हसले नाहीत.

रेसच्या सकाळी, जुन्या धावपट्टीवर, पोती काढून मी एकटाच आत बसलो. दोघांच्या वजनावर लावलेली गाडी आता माझ्या बाजूला कलायलाच हवी होती. अण्णांनी पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध येऊन थांबला.

“सरी,” ते म्हणाले. मग वळसा घालून पलीकडे गेले आणि रिकाम्या सीटपाशी वाकून अदबीनं बोलले, “आज स्वल्प हळू, साहेब.”