कुशीवर निजणारी मुलगी

माझी मुलगी जन्मली तेव्हा तिच्या डोक्यामागे लिंबाएवढी पिशवी होती. पातळ, निळसर कातडीची. नर्सनं तिला कुशीवर धरूनच आणलं आणि पाठीवर अजिबात ठेवू नका, असं बजावलं. मी पिंपळनेरची, सावद्याला दिलेली. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी माहेरच्या लग्नाच्या गडबडीत राहून गेली होती. केली असती तर आधी कळलं असतं एवढंच, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मला मात्र ती चूक अजून सलते.

जळगावला मेंदूच्या सर्जननी आम्हाला समोर बसवून कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटात असतानाच कवटीचं हाड मागून जुळलं नव्हतं. त्या फटीतून मेंदूचं आवरण आणि थोडा मेंदूही बाहेर आला होता. निकामी भाग काढायचा, उरलेला आत ठेवायचा आणि आवरण शिवून घ्यायचं. पिशवी फुटली तर जंतू थेट मेंदूत जातील, म्हणून थांबून चालणार नव्हतं. माझ्या नवऱ्यानं विचारलं, ती बरी होईल का.

"जखम भरेल," डॉक्टर म्हणाले. "मेंदू मात्र जेवढा घडलाय तेवढाच राहणार."

बाहेर बाकावर नातेवाईक जमले होते. ग्रहणात मी भाजी चिरली असेल, असं सासूबाईंचं दोनदा म्हणून झालं. त्यांच्या बहिणीचं म्हणणं, एवढ्याशा जिवाला कशाला चिरता, देवाला न्यायचं तर नेऊ दे. माझी आई पिंपळनेरहून आली होती. ती अहिराणीत म्हणाली, "पोर आपली शे. दुसरं काय इचारतस?" मग नवऱ्यानं कागदावर सही केली.

चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. पट्टी बांधलेलं डोकं इतकं लहान दिसत होतं की मला हात लावायची भीती वाटली. तीन दिवसांनी तिला पाजायला दिली. ती ओढून प्यायली, आणि मी त्या खोलीत पहिल्यांदा रडले.

दीड महिन्यानं डोकं वाढू लागलं. आत पाणी साचत होतं. पुन्हा ऑपरेशन करून डोक्यातून पोटापर्यंत कातडीखालून एक बारीक नळी घातली. दर सोमवारी टेपनं डोकं मोजायला मला शिकवलं होतं. आकडा तोच राहिला की तो आठवडा आमचा बरा जायचा.

तिला दिसत नव्हतं. मान धरता येत नव्हती. पण सकाळी सासरे ओट्यावर पेपर उघडायचे, तेव्हा त्या पानांच्या सळसळीला ती हसायची. आवाज करून. सासऱ्यांचा केळीचा व्यापार, बोलणं तुटक. पण पेपर वाचून झाला तरी ते तिच्याशेजारी बसून नुसतीच पानं उलटत राहायचे. ग्रहणाचा विषय सासूबाईंनी पुन्हा काढला नाही. तिचे पाय त्याच चोळायच्या, मला हात लावू द्यायच्या नाहीत.

चौदाव्या महिन्यात ताप आला, झटके आले. नळीत जंतुसंसर्ग झाला होता. जळगावला नळी काढली, औषधं चालू झाली. पाचव्या दिवशी सकाळी ती गेली. शेताच्या कडेला तिला पुरलं. मला नेलं नाही. मी घरी तिची झबली धुतली, वाळली तशी घड्या घालून ठेवली.

वर्षभरानं त्याच डॉक्टरांचा फोन आला. धुळ्याच्या एका बाईच्या बाळाला तसंच होतं, ती ऑपरेशनला तयार होत नव्हती. बोलाल का, म्हणाले. मी जळगावला गेले. ती माझ्याहून लहान होती. ऑपरेशन कसं झालं, किती दिवस राहावं लागलं, सगळं तिनं विचारलं, मी सांगितलं. मग ती म्हणाली, "ताई, तुमची आता केवढी आहे?"

डॉक्टरांनी तिला ते सांगितलेलं नव्हतं. मी खोटं बोलू शकले असते.

"नाही ती," मी म्हटलं. "चौदाव्या महिन्यात गेली."

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी बस पकडून परत आले. आपण तिचं वाईट केलं, हेच वाटेवर मनात होतं.

महिन्यानं तिचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं, बाळ घरी आलं होतं, आणि ते दिव्याकडे बघतं, असं ती म्हणाली. मी तिला छान म्हटलं, मनापासून म्हटलं. फोन ठेवून मी माझ्या मुलीची झबली काढली आणि पुन्हा धुतली.