बाटलीतले बुडबुडे

पंपवाल्याचा हात लागला की कोरडा नळही बोलायला लागतो, अशी त्याची ख्याती. चाळीस वर्षं तो गिऱ्हाइकांना एकच गोष्ट सांगत आला: पंप पाणी ओढत-बिढत नाही, आतला दाब कमी करतो, बाहेरची हवाच पाण्याला आत ढकलते. कुठे बारीक गळती असली, की संपला कारभार.

एवढं शहाणपण होतं, म्हणूनच घोटाळा झाला.

बायकोचं एक फुप्फुस फाटलं. डॉक्टर म्हणाले, छाती रुंदावते, आत दाब कमी होतो, म्हणून श्वास आत येतो. पण आता फाटक्या जागेतून हवा निसटून छातीच्या पोकळीत साठलीय, आणि फुप्फुस चेपून गेलंय. त्यांनी बरगड्यांमधून नळी घालून तिचं टोक खाटेखालच्या बाटलीतल्या पाण्यात बुडवलं. अडकलेली हवा बाहेर पडावी, परत शिरू नये, एवढ्यासाठी. पंपवाल्याने मान डोलावली. अर्धवट ऐकून मान डोलवायची सवय पुरुषांना असतेच.

दुपारी सिस्टर जेवायला गेली आणि ह्याला बाटलीत बुडबुडे दिसले. त्याच्या धंद्यात बुडबुडा म्हणजे गळती. त्याने सांधे चाचपले, आणि नळी दुमडून मुठीत आवळली. बुडबुडे थांबले. स्वारी खूश.

थोड्या वेळात बायकोचे ओठ निळे पडले. तिला बोलता येईना. ती त्याच्या मुठीवर चापट्या मारू लागली. ती घाबरलीय असं वाटून त्याने मूठ आणखी आवळली. सिस्टरने धावत येऊन त्याची बोटं उलगडली, तेव्हा बाटली खदखदली.

"काका, हीच हवा बाहेर काढायचीय. तुम्ही दारच लावून बसलात!"

बायकोला दम लागेनासा झाल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "अहो, मी काय विहिरीवरची मोटर आहे?"

तो हसला नाही. त्याने डॉक्टरांना विचारलं, मी काय करू? काहीच नाही, ते म्हणाले. भोक आपलं आपण बुजलं तर बुडबुडे थांबतील. नाही बुजलं तर ऑपरेशन, आणि ते तिच्या आधीच कमजोर असलेल्या हृदयाला झेपेल की नाही, ते सांगता येत नाही.

आज सहावा दिवस. तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून स्टुलावर बसलेला. तिच्या श्वासागणिक नळीतलं पाणी वर चढतं, खाली उतरतं. मध्येच ती खोकली.

"बुडबुडे आले का हो?" तिने विचारलं.

त्याला खोटं कधी जमलंच नाही.

"आले," तो म्हणाला.