सातव्या जागेवरचा आवाज

"मी बोलणार नाही, मास्तर. दुसऱ्या कुणालाही उभं करा."

"दुसऱ्या कुणाला? कंपाउंडरला? तो नुसतं 'मंडळी' म्हणायचं म्हटलं तरी तीनदा खाकरतो. तुमचा जन्म गेला माइकसमोर, बाई."

"गेला ना? मग आता सोडा."

"चार वाक्यं फक्त. पाटीवरचं कापड बाजूला करायचं आणि चार वाक्यं बोलायची. तुम्ही तिच्या शेजारी होतात. ऐकलं आम्ही सगळ्यांनीच, पण तुम्ही सगळ्यांत जवळून."

"काय लिहिलंय पाटीवर?"

"'अखेरपर्यंत हजर.' आणि खाली तिचा आकडा."

"ते पुसा."

"पितळेवर कोरलंय बाई, पुसायला काय खडू आहे?"

बाईंनी हातातल्या बेवारस छत्रीला चिठ्ठी बांधली, गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मास्तर काउंटरच्या अर्ध्या दाराशी कमरेवर हात ठेवून उभे होते. चाळीस वर्षं शाळेत कवायत शिकवलेला माणूस, त्याला बसा म्हणायची सोय नव्हती. तेवढ्यात डोक्यावरच्या भोंग्यातून बाईंचाच आवाज आला, अकरा नंबरची गाडी फलाट चारवर लागत आहे म्हणाला. मास्तरांनी वर बोट दाखवलं. "बघा, ती तरी बोलतेय. तुम्हालाच काय धाड भरलीय?"

रविवारपर्यंत विचार करा असं सांगून ते गेले. विचार करायला सांगण्याची गरज नव्हती. बाई वर्षभर दुसरं काही करतच नव्हत्या.

बस स्थानकात त्यांना सगळे 'भोंगाबाई' म्हणत. बावीस वर्षं त्यांनी गाड्या पुकारल्या. मग वरून हुकूम आला, एका खोलीत भिंतींना घोंगड्या टांगून त्यांचा आवाज आठवडाभर भरून घेतला गेला. गावांची नावं वेगळी, आकडे वेगळे, 'येत आहे' वेगळं, 'उशिराने धावत आहे' वेगळं. आता यंत्र ते तुकडे जोडतं आणि बोलतं. आवाज वर राहिला, बाई खाली आल्या, सापडलेल्या सामानाच्या खोलीत. तिथं फळ्यांवर छत्र्या, एकेकटे बूट, डबे, एक वॉकर, दाताची एक अख्खी कवळी. कधी एखादा उतारू सहज काही विचारायचा, बाई उत्तर द्यायच्या आणि तो दचकून वर बघायचा. घरी मात्र या आवाजाचा कुणाला त्रास नव्हता. नवरा गॅरेजमधला जुना मेकॅनिक, इंजिनांनी त्याचे कान केव्हाच खाल्ले होते. सगळ्या डेपोत मीच एक सुखी, असं तो चारचौघांत सांगायचा.

त्यांच्या गळ्यात आणखी एक करामत होती, नकला. डेपो मॅनेजरच्या आवाजात त्यांनी एकदा फोनवरून दोन कंडक्टरांची रजा मंजूर केली होती. ती रजा त्या दोघांनी खरोखर भोगली.

साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि त्या मास्तरांच्या पलटणीत शिरल्या. मास्तरांचं म्हणणं साधं होतं. घाम गाळायचाच तर तो कुणाच्या तरी उपयोगी पडू दे. जागच्या जागी उड्या मारून काय मिळतं, फरशी झिजते. म्हणून दर रविवारी सकाळी सहाला बारा माणसं स्थानकाच्या फाटकाशी जमत आणि जिथं काम असेल तिथवर पळत जात. कधी शाळेची भिंत रंगवायची, कधी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याचं कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवायचं, कधी झाडांसाठी खड्डे. मातीच्या बादल्या उचलतानासुद्धा मास्तर पाठ सरळ, गुडघे वाकवा, श्वास सोडा असं ओरडत फिरायचे. काम संपलं की शिट्टी व्हायची आणि प्रत्येकाने आपापल्या जागेवरून आपला आकडा पुकारायचा. बारापर्यंत पोहोचलं की सुटी, ज्याने त्याने थेट घरी पळायचं. मध्ये आकडा तुटला तर हरवलेला माणूस येईपर्यंत बाकीच्यांच्या उठाबशा.

भोंगाबाई सहा नंबर. सात नंबरला गोगलगाय.

गोगलगाय हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. हातांनी वाघीण, पायांनी गोगलगाय. बादल्या दोन दोन उचलेल, पण पळताना कायम शेवटी. काम संपत आलं की ती हळूच कुठंतरी टेकायची, नळाशी, पायरीवर, झाडामागे. शिट्टी झाली की तिला उठून जागेवर यायला वेळ लागे आणि पलटणीच्या उठाबशा सुरू होत. दोन-तीन रविवार सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. चौथ्या रविवारी भोंगाबाईंनी 'सहा' म्हटलं आणि लगेच, तोंड जरासं फिरवून, तिच्यासारखा दम लागलेला, शेवटी खाली घसरणारा 'सात' दिला. गोगलगाय झाडामागे हसून हसून ठसकली. तेव्हापासून ते दोघींचं गुपित झालं. बदल्यात गोगलगाय दर रविवारी पुडीभर फुटाणे आणायची आणि म्हणायची, "माझा आवाज भाड्याने दिलाय तुला, हे भाडं उलटं मीच भरतेय."

तो रविवार धुक्याचा होता. काम होतं मुलांच्या बागेचं कुंपण रंगवायचं. बारा जण दहा दहा पावलांवर, प्रत्येकाला आपापले गज. शेजारचा माणूस दिसत नव्हता, नुसता ब्रशचा खरखराट ऐकू यायचा. गोगलगायीचा वाटा कोपऱ्यातला, पंपघराच्या अलीकडचा. साडेसातला शिट्टी झाली. आकडे धुक्यातून सरकत आले, चार, पाच. बाईंनी सहा दिला आणि थांबल्या. पलीकडे शांत. बसली असेल टेकून, त्यांना वाटलं. आणि त्यांनी सात दिला. पुढे आठ, नऊ, थेट बारापर्यंत. मास्तर म्हणाले, "सुटी."

फाटकाशी बाई थोडा वेळ थांबल्या. मग वाटलं, मागच्या दाराने सटकली असेल, पूर्वीही दोनदा गेली होती. त्याही निघाल्या.

साडेनऊला माळ्याला ती पंपघरामागे पाइपावर बसलेली सापडली. भिंतीला डोकं टेकलेलं, ब्रश हातातच. श्वास होता. दुपारी तोही थांबला. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. ते हे कुणा एकाला उद्देशून म्हणाले नव्हते. पण घेणाऱ्याने घेतलं.

खरं त्याच दिवशी सांगायचं होतं. हॉस्पिटलच्या आवारात पलटण घोळका करून उभी होती, बाईंनी तोंड उघडलंही. त्याच वेळी पलटणीतला कंपाउंडर रडत म्हणाला, "बसली होती तिथं, एवढी अत्यवस्थ, तरी आकडा चुकवला नाही हो तिने." सगळ्यांनी मान हलवली. बाईंचं उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

पुढे ती गोष्ट वाढत गेली. पलटणीतल्या प्लंबरने एक दिवस जाऊन पाहिलं. तो पंपघरामागे बसून ओरडला आणि दुसऱ्याला कुंपणाशी उभं केलं. आवाज पोहोचला नाही. मग 'सात' आला तो कुठून? अगदी जवळून आला होता, पाच नंबरवाला शपथ घ्यायला तयार होता. हळूहळू लोक आवाज खाली घेऊन बोलायला लागले. शरीर तिकडे होतं, ती मात्र जागेवर आली होती, मोजणीसाठी. मास्तरांसारखा भुताखेतांना शिव्या घालणारा माणूस, तोही यावर गप्प राहायचा.

सातवा आकडा कुणालाच दिला नाही. रविवारी 'सहा' झाला की पलटण क्षणभर थांबते, मग 'आठ' येतो. त्या थांबण्यात अकरा माणसं कान देऊन उभी असतात. बाईंना ते असह्य होतं. त्यांचा घसा आपोआप जमवाजमव करायला लागतो, जीभ दातांमागे जाऊन बसते. एकदा, गेल्या हिवाळ्यात, त्या थांबण्यात कुठूनतरी श्वासाएवढा 'सात' आला. कुणी हललं नाही. प्लंबरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाईंचा हात स्वतःच्या ओठांवर होता आणि ओठ उघडे होते. आपण बोललो की नाही, हे त्यांना आजही माहीत नाही. तेव्हापासून मोजणीच्या वेळी त्या खोकल्याची गोळी तोंडात धरून ठेवतात. नकला बंद झाल्या. कॅन्टीनमध्ये कुणी आग्रह केला तर घसा बसलाय म्हणतात. घरी एकदा भांडी विसळताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "हो, आणलंय दूध."

मास्तर येऊन गेले त्याच दिवशी, चारच्या सुमाराला, गोगलगायीची लेक आली.

औषधाच्या दुकानात काउंटरला उभी राहणारी, सत्तावीस-अठ्ठावीसची मुलगी. खांद्याला पिशवी, अंगाला दुकानाचा वास. बाईंनी अर्धं दार उघडून तिला आत घेतलं, खुर्चीवरची बेवारस बॅग उचलून जागा केली. चहा सांगते म्हणाल्या, तिने नको म्हटलं. इकडचं तिकडचं झालं, दुकानाच्या मालकाचं, वाढलेल्या भाड्याचं. मग तिने मास्तरांचं नाव काढलं. पाटीच्या कार्यक्रमाला ते तिला घ्यायला येणार होते, पहिल्या रांगेत बसवणार होते.

"मला नाही यायचं, मावशी."

बाईंचा जीव भांड्यात पडला. नसेल यायचं तर नको येऊस, मी समजावते मास्तरांना, असं त्या घाईघाईने म्हणाल्या. लेक मात्र उठली नाही. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"तुम्ही सगळे म्हणता, ती किती शूर. आकडा चुकवला नाही. मला येऊन सांगतात लोक, दुकानात, गिऱ्हाइकं उभी असताना. मी हो म्हणते. पण मला सांगा, जिला सात म्हणता येतं, तिला 'या' नाही म्हणता येत? 'मला धरा' नाही म्हणता येत?"

बाई हातातल्या चिठ्ठीच्या घड्या घालत राहिल्या.

"आदल्या रात्री आमचं भांडण झालं होतं. मी बोलले होते तिला, वाईट बोलले. की तुझ्यामुळे मी अडकलेय. सकाळी ती मला न उठवता गेली." तिने बंद सोडला. "तिला हाक मारता येत होती, मावशी. तिने मारली नाही. घरी परत यायचं नव्हतं तिला. वर्षभर मी हेच घेऊन झोपते. म्हणून आले. तुम्ही शेजारी होतात. तो आवाज कसा होता? कंटाळलेला होता?"

वरच्या भोंग्याने कुठल्याशा गाडीला उशीर असल्याचं सांगितलं. बाईंना वाटलं होतं, आपण गप्प बसलो म्हणून निदान पोरीला आधार तरी मिळाला. आईचा शेवटचा शब्द म्हणून जपायला काहीतरी. वर्षभर त्यांनी याच एका समजुतीला धरून दिवस काढले होते, आणि समोर बसलेल्या मुलीच्या डोळ्यांखाली त्या समजुतीने दोन काळी वर्तुळं केली होती.

"तिने काही म्हटलंच नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"सात मी म्हटलं. तिच्या आवाजात. नेहमीच म्हणायचे, ती मागे राहिली की. गंमत होती आमची. त्या दिवशी पलीकडून उत्तर आलं नाही, मला वाटलं बसली असेल, म्हणून दिला. मी गप्प राहिले असते तर आकडा तुटला असता. साडेसातलाच सगळे शोधायला निघाले असते."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच हसली, दुकानात म्हाताऱ्या गिऱ्हाइकांकडे बघून हसावं तसं.

"मावशी, मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगू नका. मला फसवून काय मिळणार?"

"खरं सांगतेय गं."

"सगळ्यांनी ऐकलाय तिचा आवाज. पाच नंबरवाले काका देवाशपथ सांगतात. तिचाच होता."

बाईंनी तिला डेपो मॅनेजरची गोष्ट सांगितली, फुटाण्यांची सांगितली. ती मान हलवत राहिली, विश्वास न बसलेल्या माणसासारखी, आणि पिशवी खांद्याला लावू लागली. ती अशीच गेली असती तर आईने हाक मारली नाही हेच सोबत घेऊन गेली असती. बाईंना ते दिसलं. दुसरा उपाय उरला नव्हता.

त्या उठल्या आणि पाठ फिरवून छत्र्यांच्या फळीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. वर्षभर दाबून धरलेला घसा आधी उघडेना. मग त्यांनी गोगलगायीचा दम घेतला, खांदे तिच्यासारखे पाडले, आणि म्हटलं, "सात."

तो शब्द शेवटी खाली घसरला, जसा घसरायचा तसाच. आणि तो थांबला नाही. त्याच आवाजात, बाईंनी ठरवलेलं नसताना, पुढे आलं, "आले गं, आले, थांब जरा."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाई वळल्या तेव्हा लेक उभी होती, पाठ भिंतीला लागलेली, दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरलेली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ओठ लहान मुलीसारखे हलत होते. एका क्षणात तिला आई मिळाली होती आणि आई गेली कुणामुळे तेही कळलं होतं.

बाईंनी काउंटरची कड धरली. आता त्यांच्या स्वतःच्या आवाजात बोलायचं होतं, आणि तोच सगळ्यांत अनोळखी वाटत होता.

"मास्तरांना मी सांगते. रविवारी, सगळ्यांसमोर, पाटीवरचं कापड काढायच्या आधी. मला जे म्हणायचं ते म्हणू देत त्यांना. पण तू ये. तू तिथं असशील ना?"

लेकीने अर्धं दार ढकललं. बाहेर फलाटावर एक गाडी लागत होती, माणसं सामान उचलून तिकडे पळत होती. ती त्यांच्या उलट दिशेने चालत गेली, आधी हळू, मग भराभर.