माझाच आवाज, दाराच्या बाहेर

दार धाडकन लागलं आणि आतून कडी सरकली. मी बाहेर, हातात कचऱ्याची पिशवी, पायात चप्पल नाही. आत माझी चार वर्षांची पोरगी, आणि शेगडीवर बोंबील तळायला ठेवलेलं तेल.

"बाळा, उघड. मम्मी आहे."

आतून एकदम हळू आवाज आला, "नो."

हे मीच शिकवलेलं तिला. तेव्हा दोहात चर्च नव्हतं, आम्ही वसईची चार-पाच घरं शुक्रवारी आमच्याच फ्लॅटमध्ये प्रार्थनेला जमायचो, पडदे ओढून, हळू आवाजात. कुणाला कळायला नको म्हणून पोरांना सांगून ठेवलेलं, दारावर कुणीही आलं तरी कडी लावायची, उघडायचं नाही. त्यात मागच्या शुक्रवारी पोरांना बायबल शिकवणाऱ्या आंटीने त्यातली एक गोष्ट सांगितली. इस्राएलचे दोन हेर एका बाईच्या घरात लपले. तिने त्यांना वाचवलं, त्यांनी तिला शब्द दिला, की आम्ही शहर घेऊ तेव्हा खिडकीला लाल दोरी बांध, सगळ्यांना घरात ठेव, घरातल्या कुणाला हात लागणार नाही. पण जो दाराबाहेर जाईल त्याचं आम्ही काही सांगू शकत नाही. शहर पडलं, सगळं जळलं, आणि त्या लढवय्यांनी शब्द पाळला. पोरगी डोळे फाडून ऐकत होती. त्या रात्री मी तिच्याकडून वचनच घेतलं. माझा आवाज आला तरी उघडायचं नाही. मीच म्हणाले असं. कशाला म्हणाले देव जाणे.

"अगं मीच आहे! तेल तापलंय आत!"

"यू आर नॉट मम्मी," ती म्हणाली. "मम्मी इज इन द किचन."

मी दाराला कान लावला. आत खरंच कुणीतरी चालत होतं. सपात घासल्यासारखा आवाज, सावकाश. माझ्या सपाता तर आतच होत्या. पोरगी आठवड्याभरात बाहुलीशीसुद्धा मराठीत बोलली नव्हती, आणि आत ती मराठीत कुजबुजत होती, "हो. नाही उघडत. हो."

मी दार बडवलं, रडले, जिना उतरले. खाली सांगलीकडचा एक ड्रायव्हर राहायचा, त्याला ओढत आणला.

"पोरी, दार उघड की गं," तो म्हणाला. आत चिडीचूप. "ताई, लई पक्की हाय ही. आमचा कफील, मालक आमचा, पासपोर्ट धरून बसतो, त्योसुद्धा एवढा घट्ट नाय बसत." पण माझं तोंड बघून त्याने दाराला खांदा लावला. तिसऱ्या धक्क्याला कडी तुटली.

शेगडी बंद होती. कढईतून अजून वाफ येत होती. तिचा हात ओट्यापर्यंत पोचत नाही, स्टूल बेडरूममध्ये होतं, कपड्यांखाली.

ती पॅसेजमध्ये भिंतीला चिकटून उभी. आधी किचनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत किचनकडे. मी जवळ घेतलं तर अंग ताठ.

"मी नाही ना उघडलं?"

"नाही गं. तू नाही उघडलंस."

तेव्हा कुठे रडली.

शुक्रवारी आंटी सगळ्यांसमोर म्हणाली, हिलाच गोष्ट कळली. मी मान खाली घालून बसले. त्या गोष्टीत मला नेहमी ते शब्द पाळणारे दिसायचे. आत बसलेली ती बाई कधी दिसली नव्हती. जिन्यावर पावलं वाजतात, बाहेर शहर जळतंय, आणि आलेत ते तेच का दुसरे, तिला कसं कळणार? नुसत्या दिलेल्या शब्दावर विश्वास ठेवून ती बसली. माझ्या पोरीत मी विश्वास घातला का नुसती भीती, मला अजून कळलेलं नाही.

प्रार्थना संपल्यावर पोरीने माझा पदर ओढला. "मम्मी, प्रॉमिस अजून आहे?"

आहे म्हटलं तर उद्या मी परत बाहेर. नाही म्हटलं तर दिलेला शब्द असा मोडता येतो हे मीच शिकवणार. आणि ती विचारताना किचनकडे बघत होती. प्रार्थनेला आलेल्या बायका दारात चपला घालत होत्या.

तुम्ही काय सांगितलं असतं तिला?