बाद फेरीत जातोय का आपण?

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. चार रिकामी माणसं रोज एकाच बाकड्यावर बसली आणि समोर एक हरणारी टीम असली, की ते आपोआप साठत जातात. मग कधी लग्नाच्या पंगतीत, कधी दवाखान्याच्या रांगेत आम्ही एकमेकांना भेटतो आणि एकेक किस्सा निघत जातो. हसतो आम्ही.

आमचं बाकडं धाराशिवात, कॉलेजच्या मैदानाला लागून अन्वरभाईची चहाची टपरी आहे तिथं. मेंबर चार. एक मी, तासिका तत्त्वावर इतिहास शिकवणारा. म्हणजे तास असला तर सर, नसला तर गिऱ्हाईक. दुसरे मगर सर, कॉलेजचे क्रीडाशिक्षक, फुटबॉल टीमचे कोच आणि टीमवर सगळ्यात कमी भरवसा असलेला माणूस. तिसरे तात्या, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. त्यांचा भरवसा सगळ्यात जास्त. चौथे खुद्द अन्वरभाई. चहा गाळता गाळता या दोघांना पेटवून द्यायचं काम त्यांच्याकडं.

त्या वर्षी विद्यापीठाच्या स्पर्धेतले आमच्या गटाचे सामने आमच्याच मैदानावर होते. गटात चार कॉलेजं, पहिली दोन बाद फेरीत जाणार. आमचं कॉलेज आजवर कधीच गेलं नव्हतं. त्यामुळं दसऱ्यापासून बाकड्यावर एकच विषय, यंदा जातोय का आपण?

पहिल्याच दिवशी तात्यांनी विचारलं, "सर, बाद फेरी म्हंजे बाद झालेल्यांची असती का?"

मगर सर तोंड उघडायच्या आत अन्वरभाई म्हणाले, "तसं असंल तर आपली टीम पक्की, तात्या!"

*

आमचा जिल्हा खो-खोचा. चपळ पोरगं दिसलं की खो-खोवाले उचलतात. उरलेल्यातली दणकट कबड्डीवाले नेतात, उंच व्हॉलीबॉलवाले. या तिघांनी नको म्हटलेली पोरं मगर सरांच्या वाट्याला.

सरांनी फुटबॉलच्या निवडीची नोटीस लावली. पहिल्या दिवशी मैदानावर दोघं आले. एकानं विचारलं, "सर, बोनाफाईड कुठं भेटतंय?"

दुसरा समाधान. खो-खोच्या टीममधून नाव कापलेला, काटक, काळासावळा पोरगा. सरांनी त्याच्या पायात बॉल दिला आणि शिट्टी वाजवली. समाधान टुणकन पाठ फिरवून उकिडवा बसला! शाळेपासूनची सवय, अंगातून जाईना.

सर टपरीवर येऊन मटकन बसले. म्हणाले, "हा माझा कॅप्टन."

*

मैदान म्हणजे मुरूम. गवताचं पातं नाही. पहाटे पोलीस भरतीची पोरं तिथं पळायची, दुपारी गुरं फिरायची, संध्याकाळी आमची टीम. तरी निभत होतं. मग ऐन सामन्यांच्या तोंडावर तिथं एका पुढाऱ्याची सभा झाली. मोठा मांडव उभा राहिला. सभा संपली, मांडव गेला, खांबांचे खड्डे तसेच राहिले. त्यातला एक तर बरोबर गोलच्या समोर.

सरांनी खड्डे बुजवायला मुरूम मागितला. कुणी दिला नाही. शेवटी ते प्राचार्यांकडं गेले.

प्राचार्य शांतपणे म्हणाले, "मगर सर, खड्डे दोन्ही टीमला सारखेच आहेत ना? मग तक्रार कशाची?"

त्या संध्याकाळी सर चहासुद्धा न घेता निघाले होते. समाधाननं त्यांना थांबवलं. "सर, सारखं कुठं हाय? आपल्याला ठावं हाय कुठं कुठं खड्डं हायत. त्यास्नी न्हाय."

तात्यांनी मांडीवर थाप मारली, "बगा! गेलो का न्हाय बाद फेरीत?"

*

टीममध्ये फुटबॉल म्हणता येईल असं खेळणारा एकच होता, बालाजी. बचावाला उभा राहिला की समोरच्याला वाट सापडायची नाही. दिवाळी झाली आणि त्याच्या घरची माणसं ऊसतोडीला कर्नाटकात निघाली. दरवर्षी थोरला भाऊ आणि वहिनी जोडीनं जायचे. यंदा वहिनीचे दिवस भरत आलेले. जोडी मोडली तर मुकादम घेईना. वहिनीच्या जागी बालाजी.

मगर सर त्याच्या गावाला जाऊन आले. आल्यावर आम्ही विचारलं, "काय म्हणाला बाप?"

"काही नाही. चहा पाजला. वहिनीनंच केला. मला तिच्याकडं बघून पुढं बोलताच आलं नाही."

पहिल्या सामन्याच्या दिवशी, सामना संपल्या संपल्या बालाजीचा फोन आला. मागं ट्रॅक्टरची घरघर.

"सर, किती झालं?"

"चार-शून्य."

पलीकडं एकदम आनंद झाला. "काय सांगता! कुणी कुणी मारले?"

सरांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते मैदानातली निशाणं गोळा करायला निघून गेले.

*

काचबिंदूनं तात्यांची नजर जवळजवळ गेली होती. बॉल तर सोडाच, समोर माणूस आहे का झाड, तेही त्यांना धड कळायचं नाही. तरी सामना चुकवायचे नाहीत. अन्वरभाई टपरी सोडून त्यांच्या शेजारी बसायचे आणि काय चाललंय ते सांगायचे.

त्या पहिल्या सामन्याला अन्वरभाईंनी काय काय सांगितलं! "बॉल आपल्याकडंच हाय, तात्या. लई दाबून ठेवलंय त्यास्नी. आपल्या पोरानं मारला... अरे, थोडक्यात हुकला!" प्रत्यक्षात बॉल मधल्या रेषेच्या अलीकडून पलीकडं जात नव्हता. शेवटी तात्यांना सांगितलेला निकाल, एक-शून्यनं हार.

दुसऱ्या दिवशी तात्या हिशोब मांडायला बसले. एकाच गोलनं हरलोय, गोलफरक काही वाईट नाही, पुढचे दोन नीट खेळले तर जमतंय. मगर सर खाली बघत होते. मी पेपर वाचत होतो. अन्वरभाई धुतलेलेच ग्लास पुन्हा धूत होते.

बराच वेळ बोलून तात्या उठले. काठी चाचपली. म्हणाले, "अन्वर, माजं डोळं गेल्यात. कान न्हाय गेले. चार बारी वरडली ती पोरं."

दोन पावलं गेले आणि मागं वळून म्हणाले, "तरी पुढच्या मॅचला असंच सांग. बरं वाटतंय."

*

दुसरा सामना आम्ही जिंकलो. कसा, ते सांगायला फारसं कुणी उत्सुक नसतं.

दोन्हीकडं शून्य. सामना संपत आलेला. समाधान बॉल घेऊन थेट गोलवर निघाला आणि त्यांचा बचावाचा पोरगा मागं मागं सरकत त्याला अडवत होता. नजर सगळी बॉलवर. सरकता सरकता त्याचा पाय त्या गोलसमोरच्या खड्ड्यात गेला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला, तो बाकड्यापर्यंत ऐकू आला. समाधानचा पाय तोवर बॉलला लागला होता. बॉल जाळीत.

अन्वरभाई ओरडले, "गोल! तात्या, गोल! खरंच गोल!"

मैदानात मात्र कुणी नाचलं नाही. समाधाननंच त्या पोराला पाठुंगळी घेतलं, फाटकापर्यंत नेलं, ऑटोत बसवलं, मांडीवर त्याचा पाय धरून दवाखान्यात गेला. संध्याकाळी परत आला तर पंच त्याचीच वाट बघत बसलेले. त्यांना कॅप्टनकडून गोल करणाऱ्याचं नाव पाहिजे होतं. जर्सीवरचे नंबर पार पुसलेले.

"कुणाच्या नावावर टाकू?"

समाधान म्हणाला, "खड्ड्याच्या टाका."

*

एक हार, एक जीत. बाकीच्यांचे निकालही आमच्या सोयीचे लागलेले. आता तिसरा सामना बरोबरीत सुटला तरी आम्ही बाद फेरीत! बाकड्यावर पहिल्यांदाच मगर सरांनी स्वतःहून विषय काढला. अन्वरभाईंनी मला विचारलं, "सर, आधी काय हुईल? तुम्ही पर्मनंट, का टीम बाद फेरीत?"

"टीम!" तिघंही एकदम म्हणाले. मीसुद्धा.

आणि समाधानचं पोलीस भरतीचं बोलावणं आलं. मैदानी चाचणी बरोबर तिसऱ्या सामन्याच्या दिवशी, पार तिसऱ्याच जिल्ह्यात. पुढची भरती कधी निघेल, याचा काही भरवसा नाही. तो टपरीवर येऊन उभा राहिला. बसला नाही.

"सर, न्हाय जात म्या. मॅच हाय."

मगर सर चिडले. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "बाद फेरीनं पोट भरतंय का तुझं? माझ्याकडं बघ. विद्यापीठाकडून खेळलेला माणूस आहे मी. काय झालो?"

समाधान म्हणाला, "आमचं सर झालात की."

सरांनी स्वतःचे स्पोर्ट शूज काढून त्याच्या हातात दिले आणि अनवाणीच घरी गेले.

सामन्याच्या दिवशी, दुपारी, त्याचा फोन आला. "सर, पळण्यात पहिला आलो. छातीत गेलो. फुगवून बी केसभर कमी पडली."

"परत ये."

"मॅच व्हायच्या आत पोचत न्हाय, सर."

"तरी ये," सर म्हणाले आणि फोन बंद करून पोरांचे फोन ठेवलेल्या पिशवीत टाकला. सामन्याच्या दिवशी सकाळीच पोरांचे फोन त्या पिशवीत जायचे, हा त्यांचा नियमच होता.

*

तर तो तिसरा सामना.

ना बालाजी, ना समाधान. टीमनं ठरवलं, गोल मारायचा विचारच करायचा नाही, सगळ्यांनी मागं थांबायचं. आणि त्यांच्याही मागं गोलमध्ये सिद्धार्थ. माकणीचा पोरगा, धाराशिवला हॉस्टेलवर राहायचा. अगदी मुखदुर्बळ. वर्गात हजेरी घेतानासुद्धा त्याचा आवाज ऐकू यायचा नाही. त्या दिवशी मात्र अंगात काहीतरी संचारल्यासारखा खेळत होता. मुरमावर सूर मारून मारून दोन्ही कोपरं सोललेली. एक बॉल तर त्यानं तोंडावर घेतला, रक्त थुंकलं आणि पुन्हा उभा राहिला. अन्वरभाईंना खोटं सांगायची गरजच पडत नव्हती.

मी गोलच्या मागं, भिंतीकडं गेलेले बॉल आणून द्यायला थांबलो होतो. दुसऱ्या हाफचा बराच वेळ गेला होता, अजून शून्य-शून्य. तेवढ्यात फाटकातून एक मोटारसायकल आली. पन्नाशीचा माणूस, धोतर, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, अंगावर धुरळा. गाडी लावून तो चालत माझ्याकडं आला.

"सर, सिद्धार्थ हितं खेळतोय का?"

"तो काय, गोलमध्ये. तुम्ही?"

"बाप हाय म्या त्याचा. माकणीहून आलो. फोन लागंना त्याचा."

"फोन बंद आहेत सगळ्यांचे. का हो, काय झालं?"

तो सिद्धार्थकडं बघत होता. म्हणाला, "माय गेली त्याची. सकाळी. शेण काढता काढता छातीत कळ आली. लोहाऱ्याच्या दवाखान्यात न्यायच्या आतच संपली. पावणे जमल्यात समदे. त्याची वाट बगून ऱ्हायलेत."

माझ्या हातातला बॉल खाली पडला. मी म्हणालो, "थांबा, मी पंचांना सांगतो, लगेच थांबवतो." मी निघालोही. त्यानं माझं मनगट धरलं.

"त्याच्या जागी दुसरा कोण हाय का?"

मी खरं सांगितलं. "नाही."

"किती ऱ्हायलंय?"

"असेल पाव तास."

तो विचार करत राहिला. समोर सिद्धार्थनं उडी मारून एक बॉल वरच्या वर ढकलला. पोरं ओरडली.

"मग हू द्या," तो म्हणाला. "ती काय आता कुठं जात न्हाय."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. टॉवेल सोडून त्यानं हातात घेतला, पिळा घालत राहिला. बॉल जवळ आला की त्याचा पिळा घट्ट व्हायचा, लांब गेला की सैल. मध्येच त्यानं मला हळूच विचारलं, "हातानं धरला तर चालतंय का त्याला?"

"गोलकीपरला चालतं."

"असं व्हय," तो म्हणाला.

शिट्टी वाजली. शून्य-शून्य. बाद फेरी! पोरं चहूकडून धावत आली आणि त्यांनी सिद्धार्थला उचलून खांद्यावर घेतलं. मगर सर मैदानाच्या कडेला तोंड झाकून खाली बसले होते. बाकड्याकडून तात्यांचा आवाज येत होता, "गेलो का? अन्वर, गेलो का रे?" खांद्यावरून सिद्धार्थला भिंतीजवळ बाप दिसला. त्यानं उडी मारली आणि धावत आमच्याकडं आला. ओठ सुजलेला, दात रक्तानं लाल, आणि हसत होता. मी त्याला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"आबा! तुमी? तुमी कसं काय आलाव?"

बापानं टॉवेलच्या टोकानं त्याच्या तोंडावरचं रक्त पुसलं. नीट, दोन्ही बाजूंनी.

"मॅच बगाय आलतो," तो म्हणाला.