मार्थाची साक्ष आणि बारामतीचा दवाखाना

आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिलीच. त्यामुळे बारामतीच्या मिशनच्या दवाखान्यात दोन आठवडे मदतीला जाते म्हटल्यावर बाबा म्हणाले, "एवढं शिकून बाटल्याच धुणार?" आमच्या चर्चच्या पाळकांनी उपासनेनंतर दवाखान्यातल्या नर्सचं, सालोमीबाईंचं, पत्र वाचून दाखवलं होतं. मनाने खचलेली माणसं येतात, त्यांचं ऐकून लिहून ठेवायला कुणीतरी हवं, असं त्यात होतं. प्रार्थना आणि औषध एकाच छपराखाली! मी त्याच दिवशी ठरवलं.

निघायच्या दिवशी पहाटे उठले तर आई दशम्या बांधून बसलेली. ती नेहमीच माझ्या आधी जागी असते.

पुण्याहून दौंडपर्यंत मोठी गाडी आणि तिथून बारामतीची छोटी गाडी. मध्ये बराच वेळ मिळतो, तेव्हा जेवण दौंडलाच उरकावं. चहा एक आणा, आणि तो बरा असतो. छोट्या गाडीत खिडकी मिळाली तर घ्यावी, पण डोळ्यांत कोळशाची कणी जाते. समोर वांग्यांच्या रिकाम्या पाट्या घेऊन पिंपळीची एक बाई बसली होती.

"एकलीच कुठं निघालीस?"

"मिशनच्या दवाखान्यात."

"काय दुखतंय?"

"काही नाही, काम करायला."

"मंग बरं. तितली बाय लई न्यारी हाय. आधी झोप इच्यारती, मग नाडी धरती."

ते खरंच होतं. सकाळी ओसरीवर एक गीत आणि लहानशी प्रार्थना होई. ज्याला बसायचं तो बसे, नको त्याने लिंबाखाली विडी ओढावी. मग एकच रांग. खोकला, हिवताप, गळू, आणि त्यांतच छातीत धडधडणारी, रडू न थांबणारी, 'वारं लागलंय' म्हणून आणलेली माणसं. सालोमीबाई सगळ्यांनाच विचारत, झोप लागते का, जेवण जातं का, मनातलं कुणाशी बोलता का. मी म्हटलं, खचलेल्यांची वेगळी रांग केली तर? त्या हसल्या. "त्या रांगेत तू उभी राहशील का?"

माझं दुसरं काम पट्ट्या कापायचं. लोक औषधाला घरून बाटली आणत. तिच्यावर दातेरी कापलेली कागदाची पट्टी चिकटवायची. एक दात म्हणजे एक मात्रा.

शुक्रवारी, डॉक्टर यायच्या दिवशी, सणसरची मार्था आली. पावसाळ्यात तिचं तान्हं मूल गेलं आणि तिने खाणं, झोपणं, बोलणं सगळं सोडलं होतं. दवाखान्याचं औषध सुरू झाल्यावर आता ती मला चिडवत होती. "ताई, पट्टी वाकडी कापलीया. कालेजात कातर धरायला शिकवत न्हाईत व्हय?" मी भारावून गेले. रविवारी उपासनेला ती आली, तेव्हा सालोमीबाई एका बाळंतपणाला गेल्या होत्या. मी मार्थाला म्हटलं, उभी राहा आणि साक्ष दे, देवाने तुझ्यासाठी काय केलं ते सांग. ती आढेवेढे घेत उभी राहिली. "देवानं मला बरं केलं. आता मला कशाचीच गरज न्हाय." मंडळीने गीत धरलं. माझे डोळे भरून आले.

बुधवारी आम्ही एस.टी.ने इंदापूरला गेलो. तिथे आठवड्यातून एकदा एका खोलीत दवाखाना भरतो. रस्ता खडबडीत आहे, पुढच्या बाकावर बसावं, आणि गाडीची वेळ दोघांना विचारून घ्यावी, कारण दोघं दोन वेळा सांगतात. कालव्याकाठी ऊस उभा होता, गुऱ्हाळं पेटलेली, सगळ्या वाटेवर गुळाचा वास. येताना सालोमीबाई म्हणाल्या, "सणसरला उतरू. मार्थाला भेटू."

दारात तिची सासू तांदूळ निवडत होती. आत चूल थंड होती. मार्था भिंतीकडे तोंड करून बसलेली. तीन रात्री तिचा डोळा लागला नव्हता. कोनाड्यात बाटली होती, आणि तिच्यावर माझी वाकडी पट्टी. वरचे दोनच दात रिकामे. शुक्रवार, शनिवार. रविवारपासून औषध जसंच्या तसं.

"का गं सोडलंस?" सालोमीबाईंनी शेजारी बसून विचारलं.

ती भिंतीकडेच पाहत बोलली. "मंडळीफुडं उभी राहून बोलले, कशाची गरज न्हाय म्हनून. आता चोरून घेतलं तर साक्ष खोटी पडंल."

"पर तिला हुबं कुणी केलं?" सासू दारातूनच कडाडली.

"मी," मी म्हटलं.

"शिकलेली मानसं बोलून जात्यात, आमी मागं निस्तरत बसायचं."

सालोमीबाई मला रागावल्या नाहीत. मार्थाचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आमचे हे गेले तेव्हा दीड वर्ष मीच औषध घेतलं. रोज प्रार्थना करून घ्यायची. मंडळीत मात्र कधी सांगितलं नाही. ते माझं चुकलं."

मार्था पहिल्यांदा वळली. तिने माझ्याकडे पाहिलं. "मंग तुमी सांगा ताई, सगळ्यांफुडं. मी घेईन औषध. पर चोरून न्हाय घ्यायची."

सासूने चूल पेटवली आणि आम्हाला भाकरी-काकवी वाढली. त्या रात्रीची मात्रा मार्थाने घेतली की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. चार दिवस मी पट्ट्या कापत होते आणि तेवढंच मनात होतं.

रविवारी तिथल्या पाळकांनी साक्षीसाठी विचारलं. कॉलेजात मी वादविवादात बक्षीस मिळवलंय, पण तिथे उभी राहिले तेव्हा बाक घट्ट धरला होता. मी म्हटलं, मार्थाबाईंना साक्ष द्यायला मी भरीला घातलं, कारण मला ऐकायला आवडलं असतं. देवाने त्यांना सालोमीबाईंच्या हातून बरं करायला घेतलंय, त्या बाटलीतून घेतलंय, आणि ते काम अजून चालू आहे. मंडळीचा कारभार पाहणारे एक म्हातारे वडील मोठ्याने खाकरले. मग सालोमीबाई उठल्या आणि आपल्या दीड वर्षाचं त्यांनी सांगितलं. खाकरणं थांबलं.

मागच्या बाकावरून सासूचा आवाज आला, "दाव की गं."

मार्थाने पदराआडून बाटली काढली आणि गीतांच्या पुस्तकाशेजारी ठेवली. सहा दात रिकामे होते. "झोप लागाय लागलीया थोडी," ती म्हणाली. "ह्या बारीला पट्टी तेवढी सरळ कापा, ताई."

सोमवारी परत निघाले. तिकडे जाणाऱ्यांनी थंडीत घोंगडी न्यावी, आणि उत्साह घरून नेला तरी तो आधी ओसरीवर ठेवून लोकांचं ऐकावं.

घरी आई स्वयंपाक करत होती. "किती जण बरे झाले गं तुमच्याकडे?" तिने विचारलं. माझ्याकडे सांगायला मोठी मोठी वाक्यं तयार होती. ती तोंडापर्यंत आली आणि थांबली. त्या गॅसबत्तीसारख्या लख्ख वाक्यांपेक्षा मला तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं ठळक दिसली. इतकी वर्षं मी ती पाहत होते.

"आई, तुला झोप लागते का?"

तिने पळी खाली ठेवली. कढईखालचा जाळ मागे ओढला.

"हे आजवर कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली, आणि पाट सरकवून माझ्यासमोर बसली.